सीटखालचा पापुद्रा

निवृत्ती घुगे बाभळीचा दांडका घेऊन गाडीभोवती निघाला, की काचकारखान्याच्या माल भरायच्या डॉकवरचे सगळे जण हातातलं काम सोडून उभे राहत. त्याचा मान राखत होते अशातला भाग नव्हता. दहा चाकं, प्रत्येक चाकावर दोन ठोके. हवा पुरेशी असली तर दांडका उसळून परत येतो, कमी असली तर आवाज बसका येतो. ड्रायव्हर लोक पिढ्यान्‌पिढ्या हे कानानंच ओळखत आले आहेत. पण गेल्या चार वर्षांत त्या ठोक्यांना सहीपेक्षा जास्त वजन आलं होतं. ठोके पडेपर्यंत गाडीतलं जे फुटेल ते भरणाऱ्याच्या माथी, ठोके पडल्यानंतर फुटेल ते ड्रायव्हरच्या माथी. मधल्या त्या दोन मिनिटांत गाडीला बोट लावायचीही कुणाची तयारी नसे.

त्या दिवशी फोर्कलिफ्टवर अश्विनी उगले होती. चौतिशीची, बारीक चणीची, डोक्याला ओढणी घट्ट बांधून वर हेल्मेट घालणारी. सिन्नरच्या त्या कारखान्यात इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तयार होत आणि त्यांची खोकी रचलेले लाकडी पॅलेट उचलून गाडीत नेऊन ठेवायचे हे तिचं काम. डॉक आणि गाडी यांच्यामधल्या फटीवर एक लोखंडी प्लेट टाकलेली असते, तिच्यावरून फोर्कलिफ्ट गाडीत शिरते. या डॉकवरची प्लेट बिजागरीपाशी वाकली होती आणि तिचं एक टोक दोन बोटं वर राहत होतं. एकोणिसावा पॅलेट आत नेताना पुढचं चाक त्या टोकावरून धप्पकन खाली उतरलं. आतल्या हजारो कुप्या एकदम करकरल्या.

अश्विनी थांबली. तिनं बाजूला उभ्या असलेल्या निवृत्तीकडे पाहिलं. निवृत्तीनंही तिच्याकडे पाहिलं आणि मग तंबाखूची डबी काढून तो ती उगाच उघडत-मिटत बसला.

पाच वर्षांपूर्वी हेच झालं असतं तर त्यानं डॉक डोक्यावर घेतला असता. "ए पोरी, उतरव तो खाली, खोलून बघू." तिनंही दोन शब्द ऐकवले असते, सुपरवायझर धावत आला असता, खोकी उघडून चार माणसांनी कुप्या उजेडात धरल्या असत्या, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून चहा घेतला असता. आता कुणीच काही बोललं नाही. तिनं एकोणिसावा आत ठेवला, विसावा ठेवला आणि फोर्कलिफ्ट मागे घेतली. निवृत्तीनं वीस ठोके मारले, दार लावलं, सील केलं, सही केली.

"निघतो गं."

"निघा मामा. सावकाश जा," अश्विनी म्हणाली. हे ती त्याला दर खेपेला म्हणायची. आज मात्र म्हणताना तिनं मान वर केली नाही.

या अबोल्यामागे पापुद्रा होता. सरकारी कागदांवर त्याला भलंमोठं नाव होतं, पण रस्त्यावर सगळे त्याला पापुद्राच म्हणत. दोन पातळ पारदर्शक पदरांमध्ये राळेसारखं एक चिकट रसायन भरलेलं असतं. पाठीमागचा कागद सोलून तो पॅलेटला चिकटवला, की हवेतल्या ओलाव्यानं ते एका बाजूनं आळायला लागतं. तापलेल्या दुधावर साय धरते तसं, फक्त फार सावकाश. पुरतं घट्ट व्हायला महिना जातो. या महिन्यात मालाला धक्का बसला, तर जो थर नेमका त्या वेळी आळत असतो त्यात केसाहून बारीक भेगा पडतात आणि तिथंच गोठून राहतात. धक्का जेवढा मोठा, तेवढी भेग रुंद. भेग जेवढी खोलातल्या थरात, तेवढी ती अलीकडची. विशिष्ट दिशेनं गाळलेला प्रकाश त्यातून सोडला, की कारखान्यापासून बंदरापर्यंतचा सगळा प्रवास पडद्यावर पोथीसारखा वाचता येतो.

बॅटरी नाही, चिप नाही, पुसायची सोय नाही. त्याआधी धक्के मोजणाऱ्या डब्या होत्या. त्या ड्रायव्हरांनी स्पंजात गुंडाळल्या, गोदामवाल्यांनी त्यांच्या बॅटऱ्या काढून टॉर्चमध्ये घातल्या. दोन्ही बाजूंनी प्रयत्नांत कसूर ठेवली नाही. पापुद्र्यापुढे मात्र कुणाची मात्रा चालेना. त्याची एकच उणीव होती. त्याला घड्याळ नव्हतं. आधी काय आणि नंतर काय हे तो बिनचूक सांगे, वेळ विचारली तर अर्ध्या तासाच्या आत येत नसे. माल गाडीत भरणं आणि गाडी हलणं यांत जेमतेम अर्धाच तास, त्यामुळे भांडणं तिथंच अडायची.

आणि भांडण अडलं की ते ड्रायव्हरवर येऊन पडायचं, कारण माल शेवटी ज्याच्या हातात दिसतो तोच चोर. नऊ वर्षांपूर्वी सील करून मिळालेल्या गाडीत तीसेक वॉशबेसिन फुटलेली निघाली होती आणि निवृत्तीला चार महिने घरी बसावं लागलं होतं. ते तो विसरला नव्हता. म्हणून चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका चौकशीत, विमा कंपनीच्या बेलसरे मॅडम पापुद्रा पडद्यावर दाखवत असताना, तो डोळे बारीक करून पाहत राहिला. एका थरात बारीक ठिपके होते. दोन-दोनच्या जोड्या, अशा दहा.

"ते किरकोळ आहे. कसली तरी थरथर," बेलसरे मॅडम म्हणाल्या होत्या.

"थरथर नाही मॅडम, मी आहे तो," निवृत्ती म्हणाला होता. "चाकांवर दांडका मारत फिरतोय."

मोठी भेग त्या ठिपक्यांच्या आधी होती. निवृत्ती सुटला. महिन्याभरात सिन्नरपासून उरणपर्यंत प्रत्येक ड्रायव्हर माल भरून झाल्यावर ठोके मारायला लागला आणि वर्षभरात विमा कंपन्यांनी ते नियमात घेतले. ढाब्यांवर निवृत्तीला फुकट चहा मिळू लागला. आपण ड्रायव्हरांना वाचवलं असं त्याला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त त्यापुढे डॉकवर कुणी कुणाला "अरे, आपटलं बघ" म्हणेनासं झालं. म्हणायचं कशाला? पापुद्रा सांगणारच होता.

पण चार महिने घरी बसलेला माणूस एवढ्यावर थांबत नाही. पॅलेटला पापुद्रा लावताना कापलेल्या कडा डॉकवर पडलेल्या असत, पाठीमागच्या कागदासकट. निवृत्ती त्यातली एक उचलून आपल्या सीटखाली चिकटवी. महिना झाला की जुनी काढायची, मागे बॉलपेननं तारखा लिहायच्या आणि खारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. कुणी म्हणालंच की तू गाडी आदळत नेलीस, तर आपल्याकडे आपला पापुद्रा असावा. असे अकरा तुकडे जमले होते. त्या डब्याकडे पाहून त्याला बरं वाटायचं. अलीकडे अलीकडे वाटेनासं झालं होतं.

त्याचं कारण दुपार. माल भरून, गेटपास होऊन, जेवून निघेपर्यंत दीड वाजायचा. घोटीच्या रस्त्याला लागलं, पांढुर्ली मागे पडली, की समोरचा रस्ता लांबच लांब होत जायचा आणि निवृत्तीच्या पापण्या जड व्हायच्या. छप्पन्न वर्षांचं वय, तीस वर्षांची ड्रायव्हरी. रात्रीची झोप कितीही झाली तरी सकाळी अंग आंबलेलंच. मग कधीतरी खालून घर्रर्र असा आवाज यायचा. रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर बारीक उंचवटे केलेले असतात, त्यावर चाक गेलं की गाडी हुडहुडी भरल्यासारखी थडथडते. तो दचकून जागा व्हायचा, स्टीअरिंग उजवीकडे ओढायचा आणि पुढचे दहा किलोमीटर खिडकीची काच खाली करून चालवायचा. नव्या गाड्यांमध्ये डोळे मिटले की ओरडणारा कॅमेरा होता. याची गाडी जुनी होती, तिच्यात ओरडणारं काही नव्हतं.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अवजड गाडीचा बिल्ला गेला असता, आणि बिल्ल्याशिवाय निवृत्ती घुगे म्हणजे कोण, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. सव्वादोनच्या सुमाराला बायकोचा, मथुराबाईचा, फोन यायचा. कसला तर, पाणी आलं नाही, वांगी महाग झाली, शेजारची मांजर व्याली. बाईला दुपारचं काम नाही, असं म्हणत तो हेडफोनवर ऐकत बसायचा आणि तेवढा पट्टा नीट पार पडायचा.

एकोणिसाव्या पॅलेटची बातमी बाराव्या दिवशी आली. उरणला तपासणीत त्यातल्या कुप्यांना चिरा सापडल्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या. पण अशा चिरेतून हवा शिरली, की आतलं औषध नासतं आणि कुणाच्या तरी अंगात जातं. त्यामुळे चौकशी कडक होती. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये टेबलं बाजूला सारून बेलसरे मॅडमनी आपलं यंत्र मांडलं. पन्नाशीला आलेल्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत राहणाऱ्या बाई. कामात मात्र सुईसारख्या.

"ही मोठी भेग. तिच्यानंतर ठोके," त्यांनी पडद्यावर पेन्सिल फिरवली. "दहा जोड्या, स्वच्छ. घुगे, तुमचा संबंध नाही. माल तेव्हा अश्विनी उगले यांच्याकडे होता."

"मॅडम, प्लेट वाकलीये," अश्विनी म्हणाली. "कुणीही नेलं तरी आपटतं. मी दोनदा लिहून दिलंय."

सुपरवायझरनं मुकाट्यानं एक कागद पुढे केला. प्लेट तपासली, ठीक आहे, असं त्यावर लिहिलं होतं. वाकलेली प्लेट बदलायला दोन दिवस डॉक बंद ठेवावा लागला असता, आणि कागदाला काही करावं लागत नाही.

"माल कुणाच्या हातात होता तेवढं पापुद्रा सांगतो," बेलसरे मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कोरडेपणा नव्हता, थकवा होता. "का आपटला ते त्याला कळत नाही. हा तुमचा तिसरा ठपका आहे. तीन झाले की फोर्कलिफ्टचा परवाना जातो. आठ दिवसांत काही पुरावा देता आला तर द्या. बोललेलं धरत नाहीत, वाचता येईल असं काहीतरी द्या."

निवृत्ती सुटला होता. त्यानं टोपी उचलली आणि बाहेर येऊन गेटसमोरच्या टपरीवर चहा सांगितला. मागोमाग अश्विनी आली.

"मामा, तुम्ही बघितलंय ना? प्लेट."

"बघितलंय की."

"मग मॅडमला सांगायचं होतं."

"माझ्या सांगण्याला कोण विचारतंय आता? तुझ्याही नाही. वाचता येईल असं द्या म्हणतात."

"प्लेटला कुठं पापुद्रा असतो," अश्विनी म्हणाली. ती चहाचा पेला दोन्ही हातांत धरून उभी राहिली. "माझं हे गेलं ना मामा, तर घरात दुसरं काही नाही. यांचा गुडघा धरतो. घोटीला तांदळाच्या गिरणीत उभं राहायचं काम आहे, किती दिवस रेटतील काय माहीत."

"गुडघ्याला काय झालं?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी एका ट्रकनं रस्त्याखाली घातलं. दुपारपाळीला चालले होते मोटारसायकलवर, पांढुर्लीच्या पुढं. मागनं ट्रक आला तो सरळ कडेला घुसत आला. धडक नाही लागली, पण हे गेले कडेच्या चारीत. तो थांबलाही नाही. कसला नंबर घेणार."

निवृत्तीनं चहा तसाच ठेवला. पांढुर्लीच्या पुढं, दुपारी, डाव्या कडेला. त्या रस्त्यानं दिवसाला शेकडो ट्रक जात होते. हे त्यानं स्वतःला तीन-चार वेळा सांगितलं आणि घरी गेला.

संध्याकाळी त्यानं कपाटावरून डबा काढला. तुकडे उजेडात धरून पाहिले, पण नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. त्याला मात्र त्यात काय असणार ते ठाऊक होतं. आठवड्यातून तीन खेपा तो त्या डॉकला गाडी लावत होता. फोर्कलिफ्ट प्लेटवरून गाडीत उतरली, की सगळी गाडी हलायची, सीटसकट. म्हणजे चालवायला अश्विनी असो की दुसऱ्या पाळीचे दोघे, अकरा महिन्यांचा एक-एक धक्का या डब्यात होता. प्लेटला पापुद्रा नव्हता. तिचा पापुद्रा त्याच्या बुडाखाली होता. आणि त्याच तुकड्यांत, दर आठ-दहा दिवसांनी, दुपारची ती घर्रर्रसुद्धा होती.

"कसला विचार चाललाय?" मथुराबाई लसूण सोलता सोलता म्हणाली.

त्यानं सांगितलं. प्लेटचं सांगितलं, अश्विनीच्या नवऱ्याचं सांगितलं. झोपेचं सांगायला तोंड उघडलं आणि शब्द जुळेनात.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी," मथुराबाई हळूच म्हणाली. तिनं सुरी खाली ठेवली. "त्या दिवशी मी वन्संकडं गेले होते. फोन राहिला माझा."

"फोनचं काय त्यात?"

"चैत्रापासून रोज सव्वादोनला कशाला करते मी फोन? वांग्यांचा भाव सांगायला?"

निवृत्ती तिच्याकडे पाहतच राहिला. जेवायला बसल्या बसल्या, हातात घास धरून त्याचा डोळा लागतो, हे तिनं कित्येकदा पाहिलं होतं. विचारलं असतं तर तो अंगावर आला असता. म्हणून ती रोज दुपारी मांजरीचं बाळंतपण सांगत राहिली होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

आत कुकरची शिट्टी झाली, तरी कुणी उठलं नाही.

"हे दिलं तर बिल्ला जाईल," निवृत्ती म्हणाला.

"जाईल."

"आणि तो ट्रक मीच निघालो तर?"

"न दिल्यानं तुम्ही दुसरे कुणी होणार आहात का?" मथुराबाईनं विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज भाजी फोडणीला घालावी इतका साधा होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं बदली ड्रायव्हर द्या म्हणून मालकाला फोन केला, आणि आठव्या दिवसाची वाट न पाहता डबा घेऊन कारखान्यात गेला. बेलसरे मॅडम आल्या, अश्विनी आली. डबा उघडल्यावर मॅडमना त्यांचा चष्मा डोक्यावर सापडला.

"हे सगळे सीटखालचे?"

"हो. अकरा महिने."

"घुगे, एक गोष्ट आधी सांगते. पापुद्रा अर्धा वाचता येत नाही. यंत्रात घातला की त्यात जे आहे ते सगळं नोंदीत जातं. माझ्या हातात राहत नाही."

"माहितीये मॅडम. वाचा."

तासभर त्या वाचत होत्या. मधूनमधून गाडीच्या खेपांच्या नोंदी आणि पाळ्यांचा तक्ता पाहून वहीत काहीतरी लिहीत होत्या. मग त्यांनी पडदा अश्विनीकडे वळवला. गाडी डॉकला लागली, की ठोक्यांच्या आधी वीस-वीस धक्के, ओळीनं. दुसऱ्या कुठल्याही डॉकवर तसे नव्हते. फाल्गुनात ते बारीक होते, आषाढापासून रुंद होत गेले होते. चालवणारा कोणीही असो, धक्का तोच.

"माणूस बदललं तरी भेग बदलत नाही. दोष प्लेटचा आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमचा ठपका निघेल. आधीच्या दोन ठपक्यांचेही पापुद्रे मी परत मागवते."

अश्विनी खुर्ची ओढून बसली. तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि निवृत्तीकडे पाहून हसली. निवृत्तीला ते हसू घेता आलं नाही. तो जमिनीकडे पाहत होता, कारण मॅडमची पेन्सिल पडद्यावर पुढे सरकली होती.

"आणि हे," त्या सावकाश म्हणाल्या. "या बारीक रेघा. एकसारख्या अंतरावर. खड्ड्यांच्या अशा नसतात. कडेच्या पट्ट्याच्या असतात. घुगे, हे तीसहून जास्त वेळा आहे. सगळं दुपारचं."

"हो मॅडम. डोळा लागतो माझा."

अश्विनीचं हसू चेहऱ्यावरच थांबलं. मग तिनं टेबलावरचा डबा जवळ ओढला, तुकड्यांच्या मागच्या तारखा एक-एक करून वाचल्या आणि त्यातला एक मॅडमपुढे ठेवला.

"यातला पोळ्याचा आदला दिवस बघा."

मॅडमनी निवृत्तीकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. तुकडा यंत्रात गेला.

"आहे," थोड्या वेळानं मॅडम म्हणाल्या. "बऱ्याच रेघा आहेत. इतर दिवसांपेक्षा लांब. शेवटी एक जोराचा हिसका. स्टीअरिंग ओढल्यासारखा."

"किती वाजता?"

"दोन ते अडीचच्या मध्ये. त्याहून जवळचं त्याला सांगता येत नाही."

"आणि कुठं?"

"जागा तो सांगतच नाही."

अश्विनी पडद्याजवळ वाकली. बारीक, सरळ, एकसारख्या रेघा, शाळेच्या वहीसारख्या.

"मला आठवत नाही, पोरी," निवृत्ती म्हणाला. "दचकून उठलो तेव्हा समोर रस्ता होता. आरशात बघायचं सुचलं नाही. खोटं बोलत नाही. पण मीच असेन."

"असाल नाहीतर नसाल," ती म्हणाली. तिचा राग मोठा नव्हता, दमलेला होता. ज्यानं तिची भाकरी वाचवली त्याच्यावर ओरडायचं कसं, हे तिला समजत नसावं. उठताना ती एवढंच म्हणाली, "मामा, मी तुम्हाला दर खेपेला सावकाश जा म्हणत होते."



बिल्ला चौथ्या दिवशी जमा झाला. डॉक्टरांनी नळ्या लावून तपासलं आणि सांगितलं, की झोपेत त्याचा श्वास तासाला कितीतरी वेळा अडकतो. हा माणूस कित्येक वर्षांत खऱ्या अर्थानं झोपलेलाच नाही. त्यावर नाकाला लावायचं यंत्र मिळालं. उपाय होता, मात्र या वयात अवजड गाडीचा बिल्ला परत मिळत नाही, हेही त्यांनी स्पष्टच सांगितलं. डॉक दोन दिवस बंद ठेवून प्लेट बदलली, असं कानावर आलं. पोळ्याच्या आदल्या दिवसाचं काय, हे कुणीच ठरवू शकलं नाही. निवृत्तीनं मात्र पोलीस चौकीत जाऊन ते स्वतःहून लिहून दिलं, आणि हवालदारानं त्याच्याकडे विचित्र नजरेनं पाहत तो कागद ठेवून घेतला.

एका सकाळी अश्विनी दारात आली. हातात त्याचा बाभळीचा दांडका होता, गाडीत राहिलेला.

"नवीन ड्रायव्हर म्हणाला, कुणाचाय बघा," ती म्हणाली.

"ये की आत. चहा ठेवते ही."

"नको मामा, पाळी आहे." ती पायरीवरून उतरली आणि मागे वळली. "काल प्लेट नवी असून एक खोकं घसरलं माझ्या हातून. तुमच्या जागचा तो पोरगा तंबाखू मळत दुसरीकडं बघायला लागला. मीच म्हटलं त्याला, उतरव, खोलून बघू."

"मग?"

"दोन कुप्या गेल्या होत्या. लिहून टाकल्या माझ्या नावावर." तिनं स्कूटरला किक मारली. "येते. यांचा गुडघा दाखवायचाय नाशिकला, जमलं तर तुम्ही चला बरोबर."

"येतो," निवृत्ती म्हणाला. ती गेली तरी तो दांडका हातात धरून पायरीवर उभा होता.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मथुराबाईनं भांडी घासली, ओटा पुसला आणि हात कोरडे केले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजले. तिनं सवयीनं फोन उचलला, त्याचं नाव काढलं, आणि अंगठा लावणार एवढ्यात तिला बाहेरच्या खोलीतून यंत्राचा बारीक आवाज आला. ती दारापर्यंत गेली. निवृत्ती खाटेवर कुशीला वळून झोपला होता. नाकाला यंत्राची नळी, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात छातीपाशी, अजूनही स्टीअरिंग धरल्यासारखे. श्वास न अडकता एकसारखा चालला होता.

ती थोडा वेळ तशीच पाहत उभी राहिली. मग तिनं त्याच्या उशाशी पडलेला त्याचा फोन हलकेच उचलला, कुणाचा आलाच तर वाजू नये म्हणून बंद केला आणि आत नेऊन ठेवला.